अठ्ठ्याऐंशी नंबरची पट्टी

१

पट्टी जागेवर नव्हती.

आधी वाटलं, चष्म्यावर वाफ धरली असेल. काचा पुसल्या, चष्मा पुन्हा चढवला आणि गाडीच्या उघड्या दारातून आत वाकलो. डॅशबोर्डच्या मधोमध, घड्याळाच्या खाली, जिथं बोटभर लांबीची धातूची पट्टी असायला हवी होती, तिथं दोन बारीक भोकं होती. बस, एवढंच.

"आत्या," मी म्हणालो. "पट्टी गेली."

"कशाला हात लावू नकोस," आत्या मागून म्हणाली. "आणि आधी श्वास घे, बाळ्या."

बावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारी ती जगात एकटीच उरली आहे.

त्या पट्टीवर एवढंच कोरलेलं होतं: दोनशेपैकी ८८. एकोणीस वर्षांपूर्वी या मॉडेलच्या दोनशेच लिमिटेड एडिशन गाड्या तयार झाल्या. इंजिन वेगळं, सीट वेगळ्या, चाकं वेगळी आणि डॅशबोर्डवर ही पट्टी. आपल्या देशात आल्या तीन. एक कुणा उद्योगपतीच्या काचेच्या दालनात उभी आहे, एक भावाभावांच्या भांडणात कोर्टाच्या सीलखाली सडते आहे, आणि तिसरी ही, लाल, माझ्या समोर. आज दुपारी तिचे कागद माझ्या नावावर व्हायचे होते.

मी कवळ्या करतो. डॉक्टरांकडून जबड्याचं माप येतं, मी मेणात दात बसवतो, घासतो, पॉलिश करतो. दिवसभर लोकांचे दात आणि उरलेल्या वेळात गाड्या. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानांवर गाड्यांची चाकं काढायचो. आता दुकानातल्या कॅलेंडरच्या मागं काढतो. स्वतःची गाडी म्हणाल तर तेरा वर्षांची, डब्यासारखी. बायको म्हणते, "तुमचं पहिलं लग्न गाड्यांशी झालंय, मी दुसरेपणावर आले." तरी तिनंच सांगितलं होतं, "घ्या एकदाची. नाहीतर म्हातारपणी माझं डोकं खाल."

दोन आठवड्यांपूर्वी मी ही गाडी पहिल्यांदा पाहिली. इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, जुळला. इंजिन सुरू केलं. तो आवाज मी इतकी वर्षं नुसत्या ध्वनिफितींवर ऐकला होता. मग त्या पट्टीवरून बोट फिरवलं, आणि लाज वाटते सांगायला, डोळे भरून आले. मालकीणबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

आज सोबत आत्याला आणलं, कारण ती तीस वर्षं विमा कंपनीत गाड्यांची सर्व्हेअर होती. आपटलेल्या, जळालेल्या, बुडालेल्या गाड्या बघण्यात तिचा जन्म गेला. स्वतः मात्र गाडी चालवायला कधी शिकली नाही. "इतकं बघितल्यावर कोण शिकेल?" म्हणते.

दारात मालकीणबाई आल्या होत्या. साठीच्या पुढच्या, बुटक्या, नीटनेटक्या. त्यांचा हात चौकटीवर होता.

"चोरी झालेली दिसते," त्या म्हणाल्या. "मला फार वाईट वाटतं. आपण व्यवहार रद्द करू या. तुम्ही घरी जा."

आणि त्या हे इतक्या पटकन म्हणाल्या, की जणू आधीच ठरवून ठेवलं होतं.

२

आत्यानं त्यांना गोड शब्दांत चहा करायला पाठवलं आणि पिशवीतून टॉर्च, भिंग आणि शिंप्याची टेप काढली.

"शेवटची कधी दिसली पट्टी?"

मी फोन दाखवला. काल संध्याकाळी पाच वाजता गाडी सांभाळणाऱ्या मिस्त्रीनं तिला पॉलिश करून फोटो पाठवला होता. पट्टी चकाकत होती. ड्रायव्हरच्या सीटवर त्यानं कागद पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली होती, मी स्वच्छ सीटवर बसावं म्हणून.

"तो कागद अजून तसाच आहे," आत्या म्हणाली. "सुरकुती नाही, चिकटपट्टी उचकटलेली नाही. म्हणजे ज्यानं पट्टी काढली तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला नाही."

ती शेजारच्या सीटकडे गेली. सीट अगदी पुढं सरकवलेली होती. आत्यानं सीट आणि डॅशबोर्ड यांमधलं अंतर टेपनं मोजलं, पुटपुटत लिहून घेतलं. सीटखाली टॉर्च मारला. एक इवलासा स्क्रू सापडला, त्याच्या डोक्याची खाच पार झिजलेली. मग भिंग लावून भोकांकडे बघत बसली.

"भोकांभोवती ओरखडे आहेत. सगळे याच बाजूनं आलेले. कातडं सोललंय बिचारं."

तिनं समोरचा कप्पा एका बोटानं दाबला. झाकण अलगद उघडलं. आत माहितीपुस्तक आणि एक जुना रुमाल. तिनं झाकण लावलं.

"गाडी कुठं ठेवायचे म्हणालास?"

"इथंच. गॅरेजमध्ये, कापड घालून. साहेबांनी एकोणीस वर्षांत तिला एक दुपार उन्हात ठेवली नाही, असं व्यवहार जुळवणाऱ्या दलालानं दहादा सांगितलंय." साहेब म्हणजे मालकीणबाईंचे यजमान, आर्किटेक्ट होते, गेल्या वर्षी वारले.

"मग हे कातडं उन्हानं विटलंय कसं?"

विटलेलं मलाही दिसलं होतं, पहिल्याच दिवशी. पण लग्न ठरल्यावर मुलीच्या नाकाकडे कोण बघतं?

"बरं, विटलं असेल," आत्या म्हणाली. "भिंतीवरचा फोटो काढला की मागं काय दिसतं?"

"मूळ रंगाचा चौकोन."

"मग इथं तो कुठंय?"

मी वाकून पाहिलं. पट्टीच्या जागेचं कातडं आजूबाजूच्या कातड्याइतकंच फिकं होतं. जराही फरक नाही.

"हा डॅशबोर्ड उन्हात वर्षानुवर्षं उघडा पडलेला होता," आत्या म्हणाली, "आणि तेव्हा त्याच्यावर पट्टी नव्हती. ती नंतर लावली. चॅसिसचा नंबर पाहिलास?"

पाहिला नव्हता. चॅसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर सीटजवळच्या गालिच्याखाली असतो. अशा घरात जाऊन गालिचे उचकटायचा मला संकोच वाटला होता. आवाज ऐकला होता ना. इंजिन जुळलं होतं ना.

आता मी गालिचा उचलला. आत्यानं टॉर्च धरला. मी कागदावरचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचला, ती पत्र्यावरचा वाचत गेली.

चौथ्या आकड्यालाच आम्ही दोघं थांबलो.

३

"हे कुणाला बोलायचं नाही," आत्या कुजबुजली. "सगळ्यांना फक्त पट्टीबद्दल विचारायचं."

"आत्या, ही गाडीच खोटी आहे. पोलिसात जाऊ या."

"इंजिन खरं आहे असं तूच म्हणतोस. पट्टी?"

"खरीच होती. तसं कोरीवकाम कुणाला जमायचं नाही." दाताचं काम करणाऱ्याला एवढं कळतं.

"म्हणजे खऱ्या गाडीचं इंजिन आणि पट्टी दुसऱ्या गाडीच्या अंगावर बसवलीय. आता दोन प्रश्न. गाडी कुणी बदलली आणि पट्टी कुणी काढली. एकाच माणसानं दोन्ही केलं असेल असं धरून चालू नकोस."

दिवाणखान्यात मालकीणबाईंचा जावई बसला होता. मुलगी दुसऱ्या गावी असते. हा विक्रीसाठी म्हणून काल दुपारीच आला होता आणि मुक्कामाला होता. सहा फूट उंच, आणि पुढचे दात एकमेकांवर घासून सपाट झालेले. असा माणूस झोपेतही दात खातो.

"सरळ आहे," तो म्हणाला. "मिस्त्रीनं काढली. काल शेवटचा गाडीपाशी तोच होता. नाहीतर त्या दलालानं. संध्याकाळी सहाला तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊन आला होता."

"गॅरेजची किल्ली?"

"स्वयंपाकघराच्या दाराशी, खिळ्यावर. शेजाऱ्यालासुद्धा ठाऊक आहे."

"गाडी तुम्हालाच ठेवायची होती, असं ऐकलं," आत्यानं खडा टाकला. तिनं कुणाकडूनही ऐकलं नव्हतं.

"मला?" तो कडवट हसला. "माझे गुडघे मावत नाहीत हो तिच्यात. मला ती ब्याद घरातून जायला हवीय. आई एकट्या असतात. रोज सकाळी उठून गॅरेजमध्ये जाऊन बसतात, तासतासभर. माझी बायको फोनवर रडते. म्हणून मीच दलाल गाठला, मीच जाहिरात दिली. आई नको नको म्हणत होत्या."

"का नको?"

"कारण विचारलं की गप्प."

मग दलाल आला. ढेरीवर पट्टा कसाबसा तगलेला, पुढचे दोन दात माझ्यासारख्याच कुणीतरी पण घाईत केलेले. त्यानं मला बाजूला घेतलं.

"सर, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला नको असेल तर चार वाजता दुसरी पार्टी येतेय. पट्टी नसली तरी ते घेतील. त्यांना नुसती लाल गाडी पाहिजे, दारात उभी करायला."

माझं डोकं भणभणलं. "म्हणजे पट्टी गेल्यानं तुमचं काहीच बिघडत नाही?"

"सर, असा अर्थ काढू नका."

आत्या मध्ये आली. "अहो, जरा मदत करा. त्या शेजारच्या सीटवर बसून बघता? मला एक माप घ्यायचंय. सीट मात्र हलवायची नाही."

दलाल बसायला गेला. एक पाय आत गेला, ढेरी डॅशबोर्डला अडकली आणि तो दारात तिरका लटकून राहिला. मी आणि जावयानं मिळून त्याला बाहेर ओढला.

"झालं माझं काम," आत्या शांतपणे म्हणाली.

घड्याळात बारा वाजले होते. चार तास. बायकोचा फोन आला: "झाली का आपली?" मी म्हणालो, "होतेय." खोटं बोलल्यावर जिभेला जी चव येते, ती आली.

४

मालकीणबाई स्वयंपाकघरात होत्या. तिसऱ्यांदा चहा टाकला होता आणि तिसऱ्यांदा तो उतू गेला होता. आत्यानं फडकं घेऊन ओटा पुसला आणि तिथंच स्टूल ओढून बसली.

"बाई, काल सहानंतर गॅरेजमध्ये कोण गेलं?"

"दलाल आणि ते गृहस्थ. मी दारात उभी होते. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही, बाहेरूनच बघितली. गेल्यावर मी कुलूप लावलं."

"मग सकाळी?"

"सकाळी... मी उघडलं. तुम्ही येणार म्हणून." त्यांनी गॅस बारीक केला, मोठा केला, पुन्हा बारीक केला.

"तुमच्या यजमानांचा फार जीव होता म्हणे गाडीवर."

"फार." त्या पहिल्यांदाच हसल्या. "मी चिडायची. पण दर रविवारी जायचो आम्ही, उगाच, वीस-पंचवीस मैल. ते चालवायचे, मी शेजारी. मला गाडी येत नाही. त्या दुसऱ्या सीटवर मी आयुष्यात बसले नाही. माझ्या पुढ्यातल्या कप्प्यात गोळ्या, रुमाल, सगळं ठेवायची. ते झाकण मेलं इतकं घट्ट, की बुक्की मारल्याशिवाय उघडायचं नाही. ते ओरडायचे, अगं हळू, गाडी आहे ती."

"मग बंद कशानं झालं फिरणं?"

"तीन वर्षांपूर्वी ते एकदा बसल्या जागी बेशुद्ध पडले. डॉक्टर म्हणाले, आता गाडी चालवायची नाही. मी त्यांच्याकडून वचन घेतलं."

"पाळलं त्यांनी?"

त्यांनी चहाचं भांडं गॅसवरून उतरवलं. "त्यानंतर माझ्यादेखत कधी स्टिअरिंगला हात लावला नाही," त्या म्हणाल्या.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्या मात्र फडक्याची घडी घालता घालता थांबली.

"तुम्ही मध्ये कधी फार दिवस घर सोडून गेला होता?"

"लेकीच्या बाळंतपणाला. दोन वर्षं झाली. दोन महिने होते तिकडे." त्यांच्या आवाजात एकदम धार आली. "नात जन्मली त्याच दिवशी हे इथं बाथरूममध्ये घसरून पडले. खांदा मोडला. नातीचं तोंड बघायला ट्रेननं आले तेव्हा ती महिन्याची झाली होती."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय कळलं?"

"निम्म्याहून जास्त. मिस्त्रीला फोन लाव. म्हणावं, गाडी सुरू होत नाही."

५

मिस्त्री अडीचला आला. पन्नाशीचा, सडपातळ, हात धुतलेले तरी नखांच्या कडा काळ्या. साहेबांची गाडी तोच बघायचा, पहिल्या दिवसापासून. आत्यानं त्याला गॅरेजमध्ये नेलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"पट्टी गेलीय," तिनं सांगितलं.

त्याचा चेहरा खरोखर पडला. तो वाकून भोकांकडे बघत राहिला. ओरखड्यांवर अंगठा फिरवला. "कुणी केलं हे? कशानं केलं? सुरीनं? अहो, कातडं फाडलंय!"

"बघितलंस, बाळ्या?" आत्या म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "तुम्ही काढली नाही हे मला सकाळीच कळलं होतं. तुमच्या हातचं काम असतं तर ओरखडा पडला नसता. पण गाडी तुम्ही बदललीत. गालिच्याखालचा नंबर आम्ही वाचलाय."

क्षणभर वाटलं, हा आता शटरखालून पळणार. पण तो खाली बसला, चाकाला पाठ टेकून. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"साहेबांना शब्द दिला होता," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं निघालं. दोन वर्षांपूर्वी, बाईसाहेब लेकीकडे असताना, साहेबांनी गाडी बाहेर काढली होती. एकटेच. घाटात त्यांना चक्कर आली. गाडी कड्याच्या दगडावर गेली. साहेब खांद्यावर निभावले, गाडी मात्र पुढून दारापर्यंत चेपली; इंजिन मागं म्हणून तेवढं वाचलं. त्यांनी रस्त्यावरून पहिला फोन मिस्त्रीला केला: बायकोला कळता कामा नये.

"विमा मागितला नाही?"

"पत्र घरी येईल म्हणून नाही मागितला. मला म्हणाले, असलीच लाल गाडी शोध. साधी मिळाली, कुणाच्या तरी अंगणात उन्हात उभी असलेली. साहेबांनी ती रीतसर आपल्या नावावर घेतली; तिचे कागद माझ्याकडे आहेत. मग पाच आठवडे मी दुसरं काम घेतलं नाही. इंजिन इकडचं तिकडे बसवलं, सीट, चाकं, मागच्या पंखापर्यंत सगळं. डॅशबोर्ड चिरडला होता, तो वाचला नाही. पट्टी वाचली. बाईसाहेब आल्या तेव्हा गाडी कापडाखाली उभी होती. साहेब म्हणाले, आता ही कुठं जाणार नाही, विकली जाणार नाही, कुणाला कळायचं नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मग ते गेले. आणि जाहिरात आली. मी रोज ठरवत होतो तुम्हाला सांगायचं. पण सांगितलं तर बाईसाहेबांना कळणार. त्यांना वाटतं, साहेबांनी वचन पाळलं. ते मी कसं मोडू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं पोकळ वाटत होतं. माझी अठ्ठ्याऐंशी नंबरची गाडी दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेली होती, आणि मी तिच्या सावलीवरून बोट फिरवून रडलो होतो.

"पण मग पट्टी कुणी काढली?" मी विचारलं.

बाहेर फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. दलालाचा, मधाळ: "या सर, या." दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. वेळेआधी अर्धा तास.

६

"त्यांना व्हरांड्यात बसव," आत्यानं मला फर्मावलं, "आणि बाईंना इकडे आण. जावयालाही."

पाच मिनिटांत आम्ही सगळे गॅरेजमध्ये गाडीभोवती उभे होतो. दलालही घुसलाच. मिस्त्री मान खाली घालून कोपऱ्यात.

"पट्टी काढणारा शेजारच्या सीटवर बसला होता," आत्यानं सुरुवात केली. तिचा आवाज अगदी रिपोर्ट वाचल्यासारखा. "ओरखडे त्या बाजूनं आलेत, ड्रायव्हरच्या सीटवरचा कागद शाबूत आहे. सीट इतकी पुढं, की जावईबापूंचे गुडघे मावणार नाहीत. दलालसाहेबांचं आपण बघितलंच."

दलालानं ढेरीवर हात ठेवला.

"हत्यार चुकीचं. स्क्रूची खाच खाल्लीय. मिस्त्री असं करणार नाही. त्यांना पट्टी हवी असती तर कालच्या कालच, पॉलिश करताना काढली असती. बाहेरचा चोर? तो आधी दिसेल त्या सीटवर बसेल. ज्या माणसाला या गाडीत एकच सीट आपली वाटते, तोच त्या अडचणीच्या बाजूनं हात वाकडा करून स्क्रू काढत बसेल."

जावई हळूच सासूकडे वळला. "आई?"

"आणखी एक," आत्या पुढं म्हणाली, आणि आता तिचा आवाज मऊ झाला. तिनं कप्प्याच्या झाकणाला बोट लावलं. झाकण अलगद उघडलं. "बाई, तुम्ही मला म्हणालात, बुक्की मारल्याशिवाय उघडायचं नाही. हे तर फुंकरीनं उघडतं. तुम्ही रोज इथं येऊन बसता. तुम्हाला हे ठाऊक नाही, असं होणार नाही."

मालकीणबाईंनी पर्स उघडली आणि पट्टी काढून गाडीच्या टपावर ठेवली. सोबत नखं घासायची कानस.

"बाईसाहेब," मिस्त्री दचकून म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?"

"लेकीकडून आले त्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "कप्प्यात राहिलेला रुमाल आणायला गेले. सवयीनं बुक्की उगारली आणि बोट लागताच झाकण उघडलं. मग वास वेगळा आला. मग त्यांचा खांदा आठवला. मला दोन आणि दोन चार करता येतात हो. पण त्यांनी इतका खटाटोप केला होता मला न कळू देण्याचा... मी न कळल्यासारखं केलं. तुमच्याकडेही बघून काही बोलले नाही. त्यांना वाटलं, मी फसले. मरेपर्यंत वाटलं."

"मग आम्हाला तरी सांगायचं, आई!" जावई म्हणाला. "मी जगाला जाहिरात देत सुटलो!"

"काय सांगणार होते? तुमचे सासरे खोटं बोलले? नात जन्मली त्या दिवशी ते मजेत गाडी उडवत होते?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "दुसरं कुणी असतं तर कदाचित गप्प बसले असते. पण तुम्ही त्या पट्टीला हात लावून रडलात. तेव्हापासून मला झोप नाही. वाटलं, पट्टी नसली की तुम्ही आपोआप परत जाल. कुणाची अब्रू जायला नको, कुणाची फसवणूक नको. मला माफ करा."

मी मान हलवली.

दलाल व्हरांड्याकडे सटकू लागला. जावयानं त्याची कॉलर धरली. "आता जाऊन त्या माणसाला खरं सांगायचं. ही लिमिटेड एडिशन नाही. माझ्यासमोर सांगायचं." दोघं गेले. थोड्या वेळानं फाटकाशी गाडी वळवल्याचा आवाज आला आणि विरून गेला.

७

कोडं सुटलं होतं. आत्यानं टेप गुंडाळली, भिंग पुसलं. पण ती निघेना. भुवया जवळ आणून उभीच.

"मिस्त्री, एक रकाना राहिलाय," ती म्हणाली. "अपघाताच्या रिपोर्टमध्ये आम्ही नेहमी भरायचो. गाडीचं तोंड कुठं होतं?"

"म्हणजे?"

"तुम्ही घाटात पोचलात तेव्हा गाडी कुठल्या दिशेला जाताना आपटलेली होती? इकडे येत होती की तिकडे जात होती?"

"जात होती. इथून बाहेर."

"घाट उतरून तो रस्ता कुठं जातो?"

मिस्त्रीनं गावाचं नाव घेतलं.

मालकीणबाईंचा हात गाडीच्या टपावर होता. तो तिथंच थांबला. "ते तर लेकीचं गाव."

"हो," मिस्त्री म्हणाला. त्याला वाटत होतं, हे सगळ्यांना माहीतच असेल. "सकाळी तुमचा फोन आला ना, मुलगी झाली म्हणून. साहेब म्हणाले, रविवारच्या ट्रेनपर्यंत कोण थांबतं. सीटमागच्या फटीत भलं मोठं कापडी अस्वल कोंबलं होतं. गाडी काढताना तेच आधी माझ्या हाताला लागलं."

"मला म्हणाले होते, रविवारी ट्रेननं येतो," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी... त्यांच्याशी सरळ बोलले नाही हो मी शेवटचं वर्ष. त्यांना वाटत असेल, आजारपणाला कंटाळले. मी मनात धरून बसले होते, की नात झाली आणि यांना गाडी सुचली."

त्या आपल्या सीटवर जाऊन बसल्या. दार उघडंच राहिलं. आत्या पाठमोरी झाली आणि गॅरेजच्या भिंतीवरचे पाने मोजू लागली. मिस्त्रीनं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

सकाळपासून जी भीती घेऊन मी फिरत होतो, ती आता एका साध्या प्रश्नावर येऊन थांबली होती: ही गाडी घ्यायची की नाही. दोनशेपैकी अठ्ठ्याऐंशी या जगात उरली नव्हती. जी समोर होती ती कुठल्याच यादीत नसलेली गाडी होती, एका माणसानं पाच आठवडे राबून दुसऱ्या माणसाच्या संसारासाठी जोडलेली. आमच्या धंद्यात अशी कामं येतात. जबडा एकाचा, दात दुसऱ्याच साच्याचे, पण माणूस हसला की कुणी विचारत नाही.

"तिचे स्वतःचे कागद आहेत ना?" मी मिस्त्रीला विचारलं. "साध्या गाडीचे?"

"आहेत. इंजिन बदलल्याची नोंद तेवढी करून घ्यावी लागेल."

"मग त्या कागदांवर द्या मला. साध्या गाडीच्या भावानं."

आत्या गर्रकन वळली. "बाळ्या, शुद्धीत आहेस का? उद्या लोकांना काय सांगशील, कुठल्या नंबरची?"

"सांगीन, नंबर नाही."

तिनं गुंडाळलेली टेप पुन्हा उलगडली. मग म्हणाली, "चॅसिस मी पुन्हा एकदा तपासणार. वेल्डिंगसकट." म्हणजे होकार.

मी टपावरची पट्टी उचलून मालकीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पाहिली नाही, नुसती मूठ मिटली.

"तुम्ही आता घरी जाणार?" त्यांनी विचारलं.

"बायकोला फोन करून खरं काय ते सांगायचंय. मग मोकळाच आहे."

"मला त्या रस्त्यानं न्याल? मला जायचंच आहे पोरीकडे. उद्या जाणार होते, पण..."

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना नीट सोडा. आणि जास्त वेगानं नका जाऊ." मिस्त्री आणि आत्या त्याच्या टेंपोतून मागं निघाले, आत्याची कुरकुर शटरपर्यंत ऐकू येत होती, सीटचा स्प्रिंग टोचतोय म्हणून.

मी ड्रायव्हरच्या सीटवरचा कागद काढला आणि इंजिन सुरू केलं. गल्लीत कुणी वळून बघितलं असेल, मला माहीत नाही. मी पहिल्यांदाच रस्त्याकडे बघत होतो, गाडीकडे नाही.

घाट तासाभरानं लागला. कडे डाव्या हाताला, ऊन अजून वर होतं. एका वळणावर मागून मिस्त्रीनं हळूच हॉर्न दिला, ठरल्याप्रमाणे. मी वेग कमी केला. रस्त्याकडेला एक दगड होता, इतर दगडांसारखाच. त्याच्या कडेला लाल रंगाची एक ओळ अजून दिसत होती.

"थांबू?" मी विचारलं.

बाईंनी मान वळवून दगड मागं जाईपर्यंत त्याच्याकडे पाहिलं.

"इथून किती राहिलं होतं त्यांचं?" त्या म्हणाल्या.

"चाळीस मिनिटं. फार तर पन्नास."

त्यांनी पट्टी पर्समध्ये टाकली, पर्स मांडीवर नीट धरली आणि सीटला पाठ टेकली.

"मग चला," त्या म्हणाल्या. "नात आठला झोपते."